महानंदाच्या खुर्चीएवढी अँबॅसिडर

दुकानात येणाऱ्या गिऱ्हाईकाचं मागणं मी नीट ऐकून घेत असे, पण ते केवळ रीत म्हणून. मागणं एकच असायचं, गाडी उचलून द्या. जीपवाला, टेम्पोवाला, वऱ्हाडं वाहणारा मॅटॅडोरवाला, सगळ्यांचा नवस एकच. आमच्याकडचे रस्तेच तेव्हा असे होते की गाडी जमिनीपासून जितकी लांब, तितका मालक सुखी. त्यातून काळ्या मातीतली गाडीवाट असली, तर दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा गाडीचं पोट खरवडून काढायचा. मग माणसं माझ्याकडं यायची, मी कमानीत एखादा पाटा वाढवून द्यायचो, गाडी टाचा उंचावून उभी राहायची आणि मालक तिच्याभोवती फेरी मारून समाधानानं मिशीवर हात फिरवायचा. भोकरच्या एका जीपवाल्यानं तर इतके पाटे वाढवून घेतले, की त्याच्या म्हाताऱ्या सासऱ्याला जीपमध्ये चढवायला तो मागं एक पाट बांधून फिरायचा.

कमान म्हणजे ज्यांना वेशीची किंवा देवळाची कमान आठवते, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गाडीच्या खाली, चाकांच्या आतल्या बाजूला, पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकीवर एक रचून बोल्टानं आवळलेल्या असतात. एकेक पट्टी म्हणजे पाटा आणि सगळे मिळून कमान. गाडीचं वजन या कमानींवर तोललेलं असतं. चाक खड्ड्यात गेलं की पाटे एकमेकांवर सरकतात, दबतात, पुन्हा वर येतात, आणि आत बसलेल्या माणसाच्या मणक्याला खड्ड्याची अर्धीच बातमी पोचते. उरलेली अर्धी कमान स्वतःच्या अंगावर घेते. म्हणून तीच आधी तुटते आणि म्हणून माझं घर चाललं.

हे काम मी नांदेडला उस्तादांच्या हाताखाली शिकलो. जातीनं आम्ही लोहार, त्यामुळं भट्टीची भीती नव्हती. पण तापवलेल्या पाट्याला बाक किती द्यायचा, तेलात कधी बुडवायचा, हे उस्तादांनी शिकवलं. तयार पाटा हवेत लटकवून ते त्याच्यावर हातोडीची एक टिचकी मारत आणि डोळे मिटून आवाज ऐकत. आवाज लांबला तर मान हलवत, बसका निघाला तर पाटा परत भट्टीत. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा त्यांनीच मला तिकडं पिटाळलं. "नया जिल्हा बना है," ते म्हणाले, "सायब लोग आयेंगे. सायब के पीछे गाड्यां आयेंगी. तू भी जा, इधर मेरे सर पे कायको बैठा?"

मी औसा रोडवर पत्र्याचं शेड टाकलं. साहेब लोक खरंच आले. हापिसं मात्र त्यांच्या आधी तयार नव्हती. एक खातं शाळेच्या खोल्यांत, दुसरं कुणाच्या गोदामात, तिसरं भाड्याच्या बंगल्यात. माणसं हातात अर्ज घेऊन गावभर हापिस शोधत फिरायची आणि पानटपरीवाले त्यांना पत्ते सांगून सांगून थकायचे. त्या सगळ्या धांदलीत पाठोपाठ दुष्काळ येऊन बसला.

दुष्काळात माझा धंदा वाढला, हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं ते खरं. रस्त्यावर टँकरच टँकर, आणि टँकरसारखा कमानीचा वैरी दुसरा नाही. लोह्याकडचा एक टँकरवाला एकसारखा पाटे तोडून यायचा आणि मलाच दटावायचा.

"मिस्त्री, कच्चे पाटे घालून राहिलाव तुमी!"

"टँकर भरून नेता का अर्धा?" मी विचारलं.

"गच्च भरून! आईची आण!"

गच्च भरलेलं पाणी गप बसतं. अर्ध्या टँकरमधलं पाणी मात्र वळणावर एका अंगावरून दुसऱ्या अंगावर धावतं आणि सगळा धक्का एकाच बाजूच्या कमानीला बसतो. त्याची कायम डाव्याच बाजूची कमान तुटायची. खोदून विचारल्यावर कळलं, की वाटेत उजव्या हाताला त्याची सासुरवाडी होती. तिथं अर्धा टँकर उतरवून, पुढं उजवीकडच्या मोठ्या वळणावर तो उशीर भरून काढायचा. मी म्हणालो, "एक तर सासुरवाडी सोडा, न्हाईतर घाई सोडा." त्यानं घाई सोडली.

तर अशा दिवसांत एका सकाळी मन्मथअप्पांची अँबॅसिडर दुकानापुढं येऊन थांबली. अप्पा औशाचे, डाळीचे व्यापारी. कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरंशुभ्र धोतर, आणि आवाज असा की आडत बाजारात त्यांना लिलावाला वेगळा माणूस ठेवावा लागत नसे. गाडी जुनी होती. आदल्याच वर्षी तिच्या मागच्या कमानींत मी जादा पाटे घातले होते, कारण अप्पा ती शेतापर्यंत नेत.

"शरणार्थ, मिस्त्री."

"शरणार्थ अप्पा. पाटा तुटला का?"

"न्हाई. गाडी खाली करायची हाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कशाच्या खालून न्यायची हाय का?"

"कशाच्या खालून न्हाई. नुसती खाली करायची."

"कामून?"

अप्पांनी मागचं दार उघडलं, वाकले, आणि आतून एका तरण्या मुलीला दोन्ही हातांवर उचलून बाहेर काढलं. मग तिला अलगद उभी केली, कुबड्या तिच्या काखेत दिल्या आणि ती नीट तोल सांभाळेपर्यंत हात तिच्या पाठीमागं धरून ठेवले. ही महानंदा, त्यांची एकुलती एक. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेलेले. कमरेपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर होते. त्यांच्या गुडघ्याशी एक कडी. ती खाली सरकवली की टक्कन आवाज येऊन पाय सरळ ताठ होतो आणि मग कुबड्यांवर चालता येतं.

"मिस्त्री, मी सांगते," ती म्हणाली. "मला कलेक्टर हापिसात नोकरीची आर्डर आलीय. सोमवारी रुजू व्हायचं, न्हाईतर ती दुसऱ्याला जाती. घरात मी माझी खुर्चीवरून उठते, बसते, अंगणात फिरते, कुणाचा हात लागत न्हाई. ह्या गाडीतून तेवढं उतरता येत न्हाई. शाळेत अप्पांनी उचलून नेलं, कॉलेजात उचलून नेलं. आता हापिसच्या दारात सगळ्यांदेखत अप्पा मला लेकरावानी हातावर घेणार, अन् मग मी टेबलामागं बसून लोकांना म्हणणार, या, काय काम हाय तुमचं? मला न्हाई जमायचं. माझी मी उतरले तरच जाईन."

"मी हाय की उचलायला," अप्पा म्हणाले. "एवढी वरसं उचललं. त्यात काय बिघडलं?"

"तेच बिघडलं, अप्पा."

एसटीच्या पायऱ्या तिच्या कमरेला यायच्या, म्हणजे तो प्रश्नच नव्हता. गाडीखाली पाट ठेवून पाहिला होता. तो कलंडला आणि ती तोंडघशी पडली होती. हनुवटीवरची खूण तिनं मला दाखवली, आणि वर हसली. मला ती मुलगी तिथंच आवडली. आणि खरं सांगायचं तर, आयुष्यभर गाड्या वर केलेल्या माणसाला खाली करायचं काम मिळालं, याचीही एक गंमत वाटली.

मी तिला दोनतीनदा बसायला-उठायला लावलं आणि बाजूला बसून नुसतं पाहिलं. तिची रीत अशी होती. खुर्चीच्या कडेपर्यंत सरकायचं, पाय पुढं ताठ करून कड्या लावायच्या, दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या की हातांवर जोर देऊन उभं राहायचं. सगळी मेख त्या टाचांत होती. बैठक चार बोटं जरी उंच झाली, की टाचा अधांतरी आणि माणूस परावलंबी. बैठक फार खाली गेली, तर हातांना तेवढं बळ पुरायचं नाही. म्हणजे गाडीची बैठक तिच्या घरातल्या खुर्चीएवढी हवी होती, जास्त नाही, कमी नाही. मी अप्पांना म्हणालो, "उद्या ती खुर्ची घेऊन या."

खुर्ची आली. तिला मी दुकानात गाडीच्या मागच्या दाराशेजारी ठेवली आणि कामाला लागलो. आधी मीच घातलेले जादा पाटे काढले. तरी बैठक उंचच. या गाडीत मागची कमान ॲक्सलच्या, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या, खालून बांधलेली असते. दोघांच्या मध्ये लोखंडी गुटका, म्हणजे ठोकळा, घातला, की गाडीचं अंग तेवढ्यानं खाली बसतं. गुटके घातले, लांब यू-बोल्ट वाकवून आवळले. आता मागं बरोबर झालं, पण गाडीचं नाक वर गेलं. अप्पांनी दिवे लावून पाहिले तर उजेड समोरच्या लिंबाच्या शेंड्यावर. अप्पा म्हणाले, "असं तर मला रस्त्यावरचं कायबी दिसायचं न्हाई, झाडावरची पाखरं तेवढी दिसतील."

या गाडीच्या पुढच्या चाकांना कमान नसते. तिथं एक लांब पोलादी सळई पिळून बसवलेली असते आणि त्या पिळाच्या जोरावर पुढचा भाग तोललेला असतो. सळईच्या टोकाला दाते असतात. पीळ एक दात सैल केला, की नाक खाली. वाचायला एक ओळ लागते. करताना सळई हाताला असा हिसका देते की मनगट दिवसभर ठणकतं. पण नाक खाली आलं आणि उजेड झाडावरून रस्त्यावर उतरला.

महानंदानं गाडीत बसून पाहिलं. सरकली, कड्या लावल्या, टक्, टक्, आणि उभी राहिली. दुकानात कमानीच्या कामासाठी थांबलेले दोन ट्रकवाले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. अप्पा तिच्यासमोर हात पुढं करून अर्धवट वाकले होते, ते तसेच राहिले. मग त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "हाव, झालं की."

झालं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी औशाच्या बाजूनं असा आवाज येऊ लागला, की मला वाटलं पूर्ण जिल्ह्यातले टँकर एकदम निघाले. अँबॅसिडर होती. सायलेन्सर तुटून एका तारेवर लोंबत होता. आत महानंदा तोंडाला पदर लावून हसत होती, आणि अप्पांच्या चेहऱ्याकडं बघायची सोय नव्हती.

"रस्त्यावरच्या मोरीच्या उंचवट्यावर घासली," अप्पा म्हणाले. "तुमची गाडी जमिनीला टेकायली, मिस्त्री!"

मी दिक्की उघडली आणि डोक्याला हात लावला. दिक्कीत पाण्याचे डबे. एकाला एक लागून, वरपर्यंत. मी उंची मापली होती रिकाम्या दिक्कीची. आणि त्या वर्षी रिकामी दिक्की होती कुणाची? ज्याच्या गावात पाणी, तो लातूरला निघाला की डबे, घागरी, तेलाचे धुतलेले पिंप, जे सापडेल ते भरून न्यायचा आणि सोयऱ्याधायऱ्यांच्या दारात उतरवायचा. पूर्वी लोक पाहुण्याच्या घरी जाताना केळी न्यायचे. त्या वर्षी पाणी न्यायचे. रिकाम्या हातानं गेलेल्या माणसाला चहासुद्धा कोणत्या तोंडानं मागणार? अप्पांच्या शेतातल्या विहिरीला थोडं पाणी टिकून होतं आणि महानंदाची मावशी लातुरात राहायची. तिच्या नळाला चार-चार दिवस नुसती हवा यायची. हे मला माहीत नव्हतं असं नाही, सगळ्या गावाला माहीत होतं. माझ्याच घरी मेव्हणा सायकलला कॅन बांधून पाणी आणत होता. पण कामाच्या तंद्रीत ते डोक्यातच आलं नाही. अप्पांच्याही नाही, महानंदाच्याही नाही.

आता पंचाईत अशी. डबे भरलेले असताना गाडी घासते. डबे सांभाळायला उंच केली, तर मावशीकडं ते उतरवल्यावर बैठक आणखी वर येते आणि महानंदाच्या टाचा पुन्हा अधांतरी.

"मग पानी बंद करू," अप्पा म्हणाले.

"मावशी काय पिणार?" महानंदा म्हणाली. "माझ्या नोकरीपायी मावशीच्या घागरी पालथ्या? न्हाई. त्यापेक्षा नोकरी नको."

ती हे रागानं बोलली नाही. अगदी सरळ बोलली, आणि म्हणूनच मला ते खरं वाटलं. अप्पा पटकन म्हणाले, "बघा, मी म्हनलोच हुतो. ज्याचं काम त्यानंच करावं. मी उचलतो की!" आणि त्यांच्या आवाजात चक्क उजेड पडला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की या माणसाला माझं काम फसावं असं मनातून वाटतं आहे. लबाडी नव्हती त्यात. मुलीला पुढं जाऊ द्यायचं होतं, फक्त हातावरून खाली ठेवायचं नव्हतं. महानंदालाही ते कळत असणार. तिनं खिडकीबाहेर पाहिलं.

मी म्हणालो, "सोमवार अजून यायचाय. गाडी हितंच ठेवा."

डोकं चालेना, तेव्हा मी उस्तादांकडं निघालो. नांदेडच्या एसटीत बसलो. लोह्याजवळ रस्त्याच्या कडेला टँकर भरायची जागा होती, तिथं गर्दीनं बस अडली. खिडकीतून पाहतो तर पाइपलाइनीच्या व्हॉल्ववर एक माणूस लोखंडी चाक फिरवत होता. जसजसं चाक फिरेल, तसतसा स्क्रूसारख्या आट्यांचा जाड दांडा नळीतून इंच-इंच वर येत होता. पाण्याचा दाब केवढा, आणि तो माणूस मात्र बिडी ओढत एका हातानं चाक फिरवतोय. मी जागेवरून उठून उभाच राहिलो. कंडक्टर म्हणाला, "ओ पाव्हणं, उतरायचं हाय का?"

उस्तादांना मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी पोटभर हसून घेतलं. "अबे, सारी दुनिया गाडी उप्पर कराने आती, तू नीच्चे करने चला?" मग मुलीचं सांगितलं, तसे हसायचे थांबले. चहा मागवला. पाटा, दांडा, चाक यांचं चित्र मी जमिनीवर खडूनं काढलं. कमानीचं मागचं टोक गाडीला एका छोट्या झोपाळ्यानं टांगलेलं असतं, त्याला आम्ही शॅकल म्हणतो. तो झोपाळा गाडीच्या अंगाला पक्का न ठोकता आट्याच्या दांड्याच्या टोकाला बसवायचा. दांडा दिक्कीच्या तळातून वर काढायचा आणि त्याला व्हॉल्वचं चाक. चाक एकीकडं फिरवलं की कमानीचं टोक खाली जाऊन गाडी वर उचलते, उलटं फिरवलं की गाडी खाली बसते. डबे असोत, नसोत.

उस्ताद चित्रावर वाकले. मग खडू घेऊन त्यांनी दांड्याभोवती दोन रेघा ओढल्या. "मुड़ जायेगा. आटे को सीधा बोझ चलता, तिरछा नहीं. बाहर से मोट्टा पाइप डाल." तेवढंच. पण त्या दोन रेघा नसत्या, तर आमचा जुगाड पहिल्याच खड्ड्यात वाकला असता. भंगार बाजारात ते स्वतः माझ्याबरोबर आले, जुने व्हॉल्व चाळले, आटे नखानं खरवडून पाहिले आणि एक जोडी माझ्या पिशवीत टाकली. "होने के बाद मेरेकू दिखाने ला," म्हणाले. मी हो म्हणालो. गाडी नांदेडला न्यायचं कामाच्या रगाड्यात राहून गेलं, पुढं उस्तादच राहिले नाहीत. त्याची हळहळ अजून आहे.

शनिवारपर्यंत दिक्कीत दोन्ही बाजूंना व्हॉल्वची चाकं बसली. पहिली चाचणी अप्पांनी घेतली. हौसेनं एकाच बाजूचं चाक फिरवत राहिले आणि गाडी म्हशीसारखी एका कुशीवर कलली. "अप्पा, दोन्हीकडं सारखं!" महानंदा आतून ओरडली. मग एकदा उजवं, एकदा डावं, असं करत करत गाडी सरळ खाली आली. खुर्ची शेजारीच होती. मी गाडीच्या बैठकीवरून खुर्चीवर पट्टी टाकली, सपाटी बघायची बुडबुड्याची नळी तिच्यावर ठेवली. बुडबुडा मधोमध थांबला. धंद्यात मी पुष्कळ मोठमोठी कामं केली, साखर कारखान्याच्या ट्रकांच्या रांगा सांभाळल्या, पण त्या बुडबुड्याकडं पाहताना छाती जेवढी फुगली तेवढी पुन्हा कधी फुगली नाही.

हल्ली तरणी पोरं गाडी खाली बसवून हिंडतात. तयार पेटी मागवतात, आत चकचकीत रंगीत स्प्रिंगा, आट्यांनी वर-खाली होणाऱ्या. मुलाच्या दुकानात मी बसलेलो असलो की मला समजावून सांगतात, "काका, ही नवीन टेक्नॉलॉजी आहे." मी ऐकून घेतो. आमच्या गाडीचा एक फोटोसुद्धा माझ्याकडं नाही, म्हणून वाद घालत नाही. अप्पांनी ती गाडी पुढं कितीतरी वर्षं वापरली. चाकांना ग्रीस भरायला नेमानं यायचे. आमच्या वाहन तपासणीच्या साहेबांनी एकदा ती रस्त्यात अडवली, दिक्कीतली चाकं पाहून हे काय म्हणून विचारलं. अप्पांनी वर-खाली करून दाखवली. साहेबांनी ती दोनदा पुन्हा करायला लावली, हसले आणि जा म्हणाले. महानंदा नंतर मोठ्या हुद्द्यावर चढली, पण ते तिचं तिनं सांगावं. मला त्या सोमवारचं सांगायचं आहे.

अप्पांनी मला बरोबर चल म्हटलं होतं, न जाणो काही बिघडलं तर. मी पुढं बसलो, महानंदा मागं, निळी साडी, मांडीवर जेवणाचा डबा. दिक्कीत पाणी. मोरीवरून गाडी अलगद गेली, काही घासलं नाही. मावशीकडं डबे उतरवले. मावशीनं गाडीतच महानंदाला कुंकू लावलं, हातावर साखर ठेवली. तिथून कलेक्टर हापिस जवळच. तेही तेव्हा भाड्याच्याच इमारतीत होतं. दाराला एक बुटकी पायरी, ती तिला जमणारी होती, मी आदल्या दिवशी जाऊन पाहून आलो होतो.

दारात गर्दी होती. अर्जवाले, शिपाई, चहावाला. गाडी थांबली. अप्पा उतरले, मागं गेले, दिक्कीचं झाकण वर केलं आणि चाकं फिरवू लागले. उजवं, डावं, उजवं, डावं. गाडी हळूहळू खाली बसू लागली तशी माणसं वळून बघायला लागली. एक शिपाई म्हणाला, "अगं बाबौ! कलेक्टरापुढं गाडी बी वाकायली!" लोक हसले. महानंदाही हसली. मी तिच्या बाजूचं दार उघडून लांब उभा राहिलो. ती सरकली. कड्या लावल्या. टक्, टक्. टाचा टेकल्या. एक श्वास घेतला आणि उभी राहिली.

अप्पांनी ते पाहिलं नाही. दिक्कीचं झाकण त्यांच्यासमोर होतं आणि ते अजून चाक फिरवत होते. झालं का विचारायला ते लगबगीनं पुढं आले, सवयीनं दोन्ही हात पसरून, तर पोरगी रस्त्यावर उभी. त्यांच्या हातांना मनगटापर्यंत काळं ग्रीस लागलं होतं. तसे त्यांनी हात मागं घेतले.

"येते, अप्पा," ती म्हणाली. डब्याची पिशवी तिनं गळ्यात अडकवली होती. कुबड्या टेकवत ती गर्दीतून गेली, माणसांनी वाट दिली, पायरीपाशी क्षणभर थांबली, चढली आणि आत गेली.

अप्पा तिथंच उभे. मी त्यांना हात पुसायला फडकं दिलं. ते एकेक बोट पुसत राहिले आणि त्यांचे डोळे वाहत राहिले. मी म्हणालो, "अप्पा, चांगलं झालं की हो."

"लई चांगलं झालं," ते म्हणाले. "मिस्त्री, रोज उचलायचो ना तिला, हातावर घेतलं की मला कळायचं. जेवली का न्हाई, ताप हाय का, रात्री रडली का. तोंडानं कधी सांगायची न्हाई ती. हाताला कळायचं. आता कसं कळंल?"

मी गाडी वर केली, त्यांनी मला दुकानात सोडलं.

संध्याकाळी औशाला परतताना अँबॅसिडर माझ्या दुकानापुढं थांबली, बोल्ट पुन्हा आवळून घ्यायला. महानंदा मागं बसली होती, थकलेली, बोटांना शाई लागलेली. मी खाली वाकून बोल्ट आवळत होतो. वर अप्पांनी दोनदा खाकरल्याचं ऐकू आलं. मग ज्या माणसाचा आवाज अख्ख्या बाजाराला ऐकू जायचा, तो अगदी हळू, नव्यानं बोलायला शिकल्यासारखा म्हणाला, "बाई, जेवलीस का गं?"

"न्हाई अप्पा," महानंदा म्हणाली. "डबा उघडलाच न्हाई. सकाळपासून लई भ्या वाटत हुतं."

अप्पा गाडीचं दार उघडून मागं तिच्याशेजारी जाऊन बसले, आणि दोघांनी तो डबा माझ्या दुकानापुढं गाडीत बसूनच खाल्ला.